रुमालाखालचं रेट कार्ड

“चार महिने जनरल हॉल, चार महिने ट्विन शेअरिंग, चार महिने एसी स्पेशल. असं लिहून द्या सिस्टर. सही-शिक्क्यासह.”

गुरुजींनी वही माझ्या टेबलावर ठेवली. वहीत पट्टीनं आखलेला तक्ता होता. उभे रकाने महिन्यांचे, आडवे रकाने भावांचे. वर लाल शाईनं मथळा: ‘आबांची पाळी’.

सत्तावीस वर्षं मी नर्सिंगमध्ये आहे. बेडसाठी भांडणारे लोक पाहिलेत, बेड नको म्हणून भांडणारेही पाहिलेत. पण एकाच म्हाताऱ्याला वर्षातून तीनदा सामान उचलायला लावणारा तक्ता पहिल्यांदाच बघत होते. मला हसू फुटलं. मी ते खोकल्यात बसवलं. हे कौशल्य नर्सला ट्रेनिंगच्या पहिल्याच वर्षी येतं.

आमचं केअर सेंटर शहरात, गारखेड्यात आहे. ‘नर्सिंग होम’ म्हटलं की आपल्याकडे बाळंतपण आणि पेढे आठवतात, म्हणून आम्ही तो शब्द वापरत नाही. आमच्याकडे पेढे नसतात. आमच्याकडे राहतात ती म्हातारी माणसं, ज्यांना उठवायला, बसवायला, भरवायला, धुवायला सतत दुसऱ्याचे हात लागतात. मी तिथं अ‍ॅडमिशन इन्चार्ज. म्हणजे जागा दाखवायची, पेशंट तपासायचा, दर सांगायचा आणि नातेवाइकांचं भांडण कॅबिनबाहेर जाऊ द्यायचं नाही. यातली पहिली तीन कामं माझ्या अपॉइंटमेंट लेटरमध्ये आहेत.

तर, समोर तीन भाऊ. मूळचे कन्नडचे. थोरले नाना गावी शेती बघतात. मधले गुरुजी सिल्लोडला शाळेत शिकवतात. धाकटा प्रवीण वाळूजच्या कंपनीत सुपरवायझर आहे आणि आमच्यापासून दहा मिनिटांवर फ्लॅटमध्ये राहतो. दाराशी बाकावर नानांची बायको, कौसल्याबाई. आणि तिच्या शेजारी व्हीलचेअरवर आबा.

आबांना चौदा महिन्यांपूर्वी लकवा झाला होता. उजवी बाजू गेली आणि त्याच दिवशी वाचाही गेली. उजवी बाजू गेलेल्या पुष्कळ पेशंटचं असं होतं, कारण मेंदूतली दोन्ही कामं एकाच बाजूनं चालतात. माणसाला कळत असतं, पण शब्द निघत नाही. किती कळतं, हे ओळखणं आमचं काम. ते मी त्या दिवशी किती झकास केलं, ते येईलच पुढं.

पाळी म्हणजे काय, हे मराठवाड्यात कुणाला सांगावं लागत नाही. शेतं वाटली गेली की आईवडीलही वाटले जातात. बारा महिने भागिले मुलगे. या घरात उत्तर चार यायचं. पण ते कागदावर. प्रत्यक्षात सिल्लोडला आबा वीस दिवस राहिले, कारण गुरुजींच्या घरी पायऱ्या. प्रवीणकडं सहा दिवस राहिले, कारण तिसरा मजला आणि लिफ्ट बंद. उरलेले सगळे दिवस कन्नडला, कौसल्याबाईच्या अंगावर.

अंगावर हा शब्द मी जपून वापरते आहे. आमच्यात ‘ट्रान्सफर’ असा एक शब्द आहे. पेशंटला पलंगावरून खुर्चीवर आणि खुर्चीवरून पलंगावर नेणं म्हणजे ट्रान्सफर. आमच्याकडे ते दोन माणसं करतात, कमरेला पट्टा लावून, एक-दोन-तीन म्हणत. कौसल्याबाईनं ते चौदा महिने एकटीनं केलं होतं, रोज सहा-सात वेळा. आता पट्टा तिच्याच कमरेला होता. मणका सरकला होता आणि हाडाच्या डॉक्टरांनी पाण्याची कळशीसुद्धा उचलायला बंदी केली होती. म्हणून हे सगळे माझ्यासमोर होते. बेड ठरला तर ती वाचणार, नाही ठरला तर संध्याकाळी परत तीच आबांना उचलणार. इतकं साधं गणित होतं. ते सोडून गुरुजींच्या वहीत बाकी सगळं होतं.

मी त्यांना जागा आधीच दाखवली होती. जागा दाखवताना मी थोडं नाटक करते, लपवत नाही. एसी स्पेशलचा पडदा मी आधी बंद ठेवते, सगळे आत आले की झर्रकन ओढते. उजेड आत येतो, मुलांचे चेहरे उजळतात. प्रवीणचा उजळला. “देखो, ये चाहिए,” तो म्हणाला. आबा भिंतीकडं बघत होते.

जाता जाता तुम्हाला एक आतली गोष्ट सांगते, आमच्या डॉक्टरांना सांगू नका. खोली बघून भुलू नका. ज्या जागेला फिनाईलचा फारच वास येतो, तिथं आदल्या तासाला काहीतरी झाकलेलं असतं. तिथं आधीपासून राहणाऱ्या म्हाताऱ्यांची नखं बघा. कापलेली असतील तर बाकीची कामंही होत असतील. रविवारी ड्यूटीवर किती माणसं असतात ते विचारा. आणि पॅकेजमध्ये काय नाही, ते आधी विचारा. काय आहे ते आम्ही न विचारता सांगतोच.

आमच्या पॅकेजमध्ये बेड, जेवण, आंघोळ, नर्सिंग आणि आठवड्याला डॉक्टरांचा राउंड येतो. डायपर, औषधं, फिजिओथेरपी वेगळी. दर महिन्याला हॉलचे अठरा हजार, ट्विन शेअरिंगचे पंचवीस, एसी स्पेशलचे पस्तीस. हे मी कॉरिडॉरमध्ये मोठ्यानं सांगितलं, आबांच्या खुर्चीमागं उभी राहून. ते लक्षात ठेवा.

मग मी आबांचं असेसमेंट केलं. माणसाला स्वतःचं काय काय करता येतं ते तपासायचं आणि फॉर्म भरायचा. मी त्यांच्या डाव्या हातात माझी दोन बोटं दिली. “आबा, दाबा बघू.”

त्यांनी दाबली. पकड अशी की माझी अंगठी रुतली. मी बोटं काढायला गेले तर त्यांनी माझा पंजाच धरला. दाबला, सोडला. परत दाबला, सोडला. मग माझी तीन बोटं चिमटीत धरली आणि थेट माझ्या डोळ्यांत बघितलं.

“आबा, सोडा हात,” नाना ओशाळले. “बाई मानूस हाय.”

“असू द्या हो,” मी म्हणाले आणि फॉर्मवर लिहिलं: ‘डाव्या हाताची पकड उत्तम. वारंवार निरर्थक हालचाल.’

निरर्थक! सत्तावीस वर्षांचा अनुभव आणि निरर्थक. तो फॉर्म अजून फाइलला आहे. नवीन मुली आल्या की मी त्यांना तो दाखवते.

तर, कॅबिनमध्ये तक्ता. मी म्हणाले, “गुरुजी, खोली अशी फिरवता येत नाही. लकव्याच्या पेशंटला जागा बदलली की तो बावरतो. उशी कुठं, बेल कुठं, सगळं नव्यानं.”

“मग सरासरी काढू,” गुरुजी म्हणाले.

“खोलीची सरासरी कशी काढायची?”

प्रवीण मध्ये पडला. “सिंपल है. माझ्या पाळीत आबा एसीतच राहणार. मी फुल पेमेंट करतो.”

नानांनी मान वळवली. “म्हंजी आमच्या पाळीत गोठ्यात व्हते का रे पिंट्या?”

“मी असं म्हटलं का?”

“म्हनायचं ऱ्हायलंय काय? सहा दिवस सांभाळलं अन् एसीच्या गप्पा. चार महिने एसी दाखवून परत हॉलात टाकलं तर लोक कोनाला नावं ठेवतील? मलाच ना?”

“मग तुम्हीपण एसी घ्या.”

“माझं कपाशीचं पीक हाय, कंपनीचा पगार नाय.”

“म्हणूनच मी ट्विन सुचवलं,” गुरुजी म्हणाले. “ट्विन हा मध्यममार्ग आहे.”

“तुझं सगळंच मधलं,” नाना म्हणाले.

मी डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणजे आमचे मालक. हुशार माणूस, हिशोबाला पक्के.

“दर चार महिन्यांनी खोली?” ते ओरडले. “सिस्टर, आपण लॉज चालवतो का?”

“नाही सर. सूट किती देऊ?”

“वर्षाचं बोलले तर पाचशे. त्याच्यावर एक रुपया नाही. रेट कार्ड म्हणजे रेट कार्ड.”

मी फोन ठेवेपर्यंत नाना उठले होते. “ऱ्हाऊ द्या सिस्टर. जमत नाय आमचं. चला आबा, घरी चला.”

कौसल्याबाई उठली आणि व्हीलचेअरचा ब्रेक काढायला गेली. वाकता येईना, म्हणून पायानं काढायला लागली. एक हात भिंतीवर, डोळे मिटलेले. ब्रेक निघाला. तिनं खुर्चीचे दांडे धरले, जसे गेले चौदा महिने धरले होते तसे.

भावांचं लक्ष नव्हतं. ते कुणामुळं फिसकटलं यावर भांडत होते.

आता इथं मी खोटं बोलले. “थांबा,” मी म्हणाले, “आबांची फिजिओची तपासणी बाकी आहे. त्याशिवाय पेशंट सोडता येत नाही. नियम आहे.” असा नियम नाही. आमचा फिजिओथेरपिस्ट तर सकाळीच येऊन जातो. पण चेहरा गंभीर ठेवून ‘नियम आहे’ म्हटलं की माणसं बसतात. तिघं बसले. मी आबांची खुर्ची घेतली आणि कौसल्याबाईला डोळ्यांनी मागोमाग यायला सांगितलं. माझा विचार एवढाच, की म्हाताऱ्याच्या कानांना त्या भांडणातून सुट्टी मिळावी.

पुरुषांच्या हॉलमध्ये आठ बेड आहेत. मोठ्या खिडकीतून गेट दिसतं आणि गेटबाहेरचा रस्ता. खिडकीजवळच्या बेडवर दगडूतात्या असतात. सिल्लोडकडचे, जन्म मेंढरांमागं गेलेला. खुब्याचं हाड मोडून आले आणि आता वॉकर धरून अख्ख्या हॉलवर नजर ठेवतात. त्यांच्या शेजारचा बेड रिकामा होता.

मी आबांची खुर्ची त्या रिकाम्या बेडजवळ लावली. आबांनी खिडकीबाहेर बघितलं. रस्त्यावरून एक टेम्पो गेला, त्यात म्हैस होती. आबांची मान टेम्पोबरोबर पार कोपऱ्यापर्यंत फिरली. मग त्यांनी माझा हात धरला. पंजा दाबला, सोडला. परत दाबला, सोडला. मग तीन बोटं.

“आलं परत,” मी म्हणाले आणि हात सोडवायला लागले.

“ओ सिस्टर! हात काढू नका!” दगडूतात्या बेडवर उठूनच बसले. “सौदा मोडंल ना!”

“कसला सौदा?”

“आवो, ते भाव करायलेत तुमच्यासंगं! तेरा म्हनायलेत तेरा! पंजा म्हंजी पाच. दोन पंजे धा. वर तीन बोटं. काय इकायला काढलंय तुमी?”

मी कौसल्याबाईकडं बघितलं. तिचा हात तोंडावर गेला होता. “आबा बैलांचे व्यापारी व्हते,” ती हळूच म्हणाली. “कन्नडच्या बाजारात. चाळीस वर्सं.”

ज्यांनी बैलबाजार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. तिथं जुने व्यापारी भाव तोंडानं बोलत नाहीत. आजूबाजूच्या गर्दीला कळू नये म्हणून दोघं रुमालाखाली हातात हात घालतात आणि बोटं दाबून भाव सांगतात. बोट म्हणजे एक, पंजा म्हणजे पाच, बोटाचं पेर म्हणजे अर्धा. शेकडा की हजार, ते माल बघून कळतं. पटलं की टाळी. टाळी पडली की ब्रह्मदेव आला तरी भाव बदलत नाही.

म्हणजे हा माणूस कॉरिडॉरमध्ये दर ऐकून, मनात हिशोब करून, तासाभरापासून माझ्याकडं अठराचे तेरा मागत होता. आणि मी लिहिलं होतं ‘निरर्थक हालचाल’.

“घरी कधी केलं नाही असं?” मी कौसल्याबाईला विचारलं.

“घरी सौदा करन्यासारखं काय व्हतं, ताई? खिचडी का वरन-भात, एवढंच.”

मी तिला भावांना बोलवायला पाठवलं. तोवर दगडूतात्यांनी शेजारच्या बेडवरचा टॉवेल ओढून आबांच्या मांडीवर टाकला होता. “उघड्यावर कामून भाव करता? इज्जत हाय का नाय मानसाची?”

तिघं भाऊ धावत आले. त्यांना वाटलं आबांना काही झालं. त्यांनी पाहिलं ते असं: आबा ताठ बसलेले, मी समोर स्टुलावर, दोघांचे हात टॉवेलखाली आणि दगडूतात्या पंचासारखे उभे.

“हे काय चाललंय?” गुरुजी म्हणाले.

“तुमचे वडील भाव करायलेत. तुमी गप बसा,” तात्या म्हणाले.

नानांना आधी कळलं. ते खाली बसले. “डाव्या हातानं, व्हय आबा? म्हनून वळखू आलं नाय.” मग आमच्याकडं बघून म्हणाले, “आमाला कधी बाजारात न्हेलंच नाय यांनी. शाळा बुडती म्हनायचे.”

“पण पैसे तर आम्ही देणार,” प्रवीण म्हणाला. “मग भाव आबा कसे करतात?”

तात्यांनी त्याच्याकडं कीव आल्यासारखं बघितलं. “बाजारात ज्याच्या कनवटीला पैका आसतो त्योच रुमालात हात घालतो, पोरा. तुमच्या पैशाचं काम आसतं तर म्हातारा हात लावता का?”

मग कौसल्याबाई म्हणाली, “आबाचे पैशे हायेत की. बँकेत.”

“त्याला हात लावायचा नाय!” नाना म्हणाले. “ते आबांच्या दिवसांसाठी ठिवल्यात. तेराव्याला अख्खं गाव जेवलं पायजे, आसं त्यांनी स्वता सांगितलंय.”

रक्कम होती. आबांच्या आणि नानांच्या नावावर ठेव होती. हॉलच्या दरानं सहज दोन वर्षं निघाली असती. तिघं भाऊ चौदा महिने पाळीवरून भांडत होते आणि त्या पैशाचा विषय कुणीच काढला नव्हता. वाईट मनानं नाही. तो पैसा त्यांच्या लेखी आबांच्या मरणाचा होता, आबांचा नव्हता.

मी टॉवेलखालचा हात सोडला नाही. “आबा,” मी म्हणाले, “हो असेल तर एकदा दाबा, नाही असेल तर दोनदा. तेराव्याचे पैसे इथं राहण्यासाठी वापरायचे?”

एकदाच. पण असं दाबलं की मी ‘आई गं’ म्हणाले.

मग आबांच्या घशातून एक आवाज आला. मला वाटलं ठसका लागला, मी पाठीवर हात ठेवायला उठले. ठसका नव्हता. ते हसत होते. एका बाजूनं, वाकडं, पण हसत होते. कौसल्याबाईनं पदर डोळ्याला लावला. “चौदा महिन्यांनी,” ती म्हणाली.

“पण मग तेराव्याचं काय?” गुरुजींनी विचारलं. वही अजून हातात होती.

“त्याचं तुमी बघा तिघं,” कौसल्याबाई म्हणाली. अख्ख्या दुपारभर तिचा आवाज पहिल्यांदाच चढला होता. “पाळीनं जेवू घाला गावाला. चार-चार दिवस.”

आठही... नाही, सातही बेड हसले. नानासुद्धा.

सौदा सुरू झाला. तात्यांनी मला उभ्या उभ्या शिकवलं. आबांचे तेरा आलेच होते. मी तीन पंजे दाबून तीन बोटं धरली, अठरा. आबांनी मान हलवली आणि चौदा केले. मी साडेसतरा केले, डॉक्टरांची परवानगी तेवढीच होती. आबांनी डोळे मिटले, जणू माझ्यामुळं त्यांच्या घरची चूल विझणार आहे. काय अभिनय! मी स्वतःला नाटकी समजते, पण या माणसापुढं मी शाळेच्या गॅदरिंगमधली. पंधरा आले. मी सतरा सांगायला गेले, वरचे पाचशे डॉक्टरांकडून कसेतरी मागून घेईन म्हणून. तीन पंजे झाले, आता दोन बोटं धरायची. पण तेवढ्यात दारातून ट्रॉली आली, माझं लक्ष गेलं आणि माझ्या हातात त्यांचं एकच बोट राहिलं.

आबांनी हात बाहेर काढला आणि माझ्या तळव्यावर टाळी मारली. फट्ट!

“सोळा!” तात्या ओरडले. “झाला सौदा!”

“अहो, मी सतरा म्हणत होते!”

“टाळी पडल्यावर तोंडानं बोलायचं नसतं, सिस्टर.”

“पण मला सोळाची परवानगीच नाही!”

“मंग रुमालात हात कामून घातला?”

आबांनी डावा हात कौसल्याबाईपुढं पसरला. तिला बरोबर कळलं. तिनं पाकिटातून शंभराची नोट काढून त्यांना दिली, त्यांनी ती माझ्या हातात ठेवली आणि माझी मूठ मिटवली. इसार. सौदा पक्का झाल्याची खूण. आम्ही याला डिपॉझिट म्हणतो आणि एका महिन्याचे पैसे घेतो. आबांच्या मते शंभरात काम भागत होतं.

मग त्यांनी हनुवटीनं खिडकीजवळचा रिकामा बेड दाखवला. एसी स्पेशलचा विषय कायमचा संपला.

साडेचारला डॉक्टर राउंडला आले. मी त्यांना दारातच गाठलं आणि एका श्वासात सगळं सांगितलं, कारण वाईट बातमी तुकड्यातुकड्यानं देऊ नये हे मी आयसीयूत शिकले.

“सोळा? सिस्टर, रेट कार्ड भिंतीवर कशाला लावलंय?”

“सर, तुम्हीच बोला त्यांच्याशी. माझी टाळी पडलीय.”

“मी बघतो. हे काय मंडई आहे?” डॉक्टर हॉलमध्ये गेले. आबांशी छान बोलले, नाडी बघितली, डोळ्यांत टॉर्च मारला. मग म्हणाले, “आबा, सोळा परवडत नाही हो. साडेसतरा करू.” आबांनी नम्रपणे टॉवेलची कड उचलली, आत या म्हणाल्यासारखी.

“सर, नका,” मी म्हणाले.

“फक्त बघतो कसं असतं ते,” डॉक्टर म्हणाले आणि स्टुलावर बसले.

तीन-चार मिनिटं लागली असतील. डॉक्टरांच्या कपाळावर घाम आला. आबांनी मध्येच उसासा टाकला, खिडकीबाहेर बघितलं, हात जवळजवळ काढूनच घेतला. डॉक्टर घाईघाईनं पुढं झुकले. मग टाळी ऐकू आली.

“साडेपंधरा!” तात्यांनी जाहीर केलं. “डॉक्टरसायेब, सिस्टर परवडली की वो तुमच्यापेक्षा!”

डॉक्टर उठले, कोट सारखा केला आणि मला हळू आवाजात म्हणाले, “याची चर्चा स्टाफमध्ये नको.” मी ‘येस सर’ म्हणाले. तुम्ही स्टाफ नाही, म्हणून तुम्हाला सांगितलं.

त्या संध्याकाळी व्हीलचेअरवरून बेडवर पहिलं ट्रान्सफर झालं. आमच्या दोन मुलांनी पट्टा लावला, एक-दोन-तीन म्हटलं आणि आबा वर. कौसल्याबाईचे हात सवयीनं पुढं आले होते. ते तसेच थोडा वेळ हवेत राहिले. मग तिनं ते पाठीमागं बांधले आणि मला म्हणाली, “लोक म्हनतील सुनेनं सासरा टाकला.”

“आबांना विचारा,” मी म्हणाले.

ती बेडजवळ गेली. आबांनी तिचा हात धरला, पण काही दाबलं नाही. नुसता धरून ठेवला. तिथं भाव करायचा नव्हता.

प्रवीण दाराशी घुटमळत होता. “सिस्टर, मग मी काय करू? माझं एसीचं बजेट होतं.”

“फिजिओथेरपी पॅकेजमध्ये नाही. ती घ्या. आणि दहा मिनिटांवर राहता, तर येत जा.”

गुरुजींनी नवीन तक्ता केला. अजूनही लाल मथळा, अजूनही ‘आबांची पाळी’. पण आता रकाने रविवारचे आहेत. डायपर आणि औषधं नाना-गुरुजी निम्मी-निम्मी करतात. ठेव संपली की पुढचं तिघांनी समान द्यायचं, हे मी त्यांच्याकडून लिहून घेतलं. सही-शिक्क्यासह.

आता वर्ष झालं. कौसल्याबाईचा पट्टा सुटला. ती दर महिन्याला येते तेव्हा बसून चहा पिते, उठून कुणाला उचलत नाही. आबांचं बोलणं आलेलं नाही, येईलसं वाटत नाही. पण फिजिओनं उजव्या हाताची दोन बोटं हलायला लागलीत आणि दगडूतात्यांना त्याची काळजी वाटते. “येका हातात ही गत, दोन्ही चालले तर हॉलच इकत घेईल ह्यो मानूस.”

या प्रकरणातून मी एकच गोष्ट शिकले आणि ती फॉर्ममध्ये घातली. आमच्या असेसमेंटच्या पहिल्या पानावर आता एक रकाना वाढलाय: ‘पेशंटचा धंदा काय होता?’ तो भरल्याशिवाय मी कुणाला दर सांगत नाही. जागा कितीची घ्यायची, कुठली घ्यायची, पैसे कुणी द्यायचे, हे सगळं खुर्चीमागं उभं राहून ठरवण्याआधी खुर्चीत बसलेल्या माणसाला विचारा. त्याला बोलता येत नसेल तर त्याचा हात धरा. फक्त बेसावधपणे धरू नका, ती कोऱ्या कागदावरची सही ठरते.

गेल्या आठवड्यात आबांचं वर्षाचं नूतनीकरण होतं. डाळ-तांदूळ महागलेत, त्यामुळे डॉक्टरांना दर वाढवायचा होता. त्या सकाळी मी हॉलमध्ये गेले तर आबा आंघोळ करून, केस विंचरून, मांडीवर स्वच्छ टॉवेल पसरून वाट बघत होते.

डॉक्टर तेव्हापासून त्या हॉलमध्ये राउंडला फिरकलेले नाहीत. त्यांनी तेवढा निरोप पाठवलाय, की दर आहे तोच राहू द्या.